जिवाणी

मागच्या श्रावणातली गोष्ट. रविवार होता आणि तिथी अष्टमी, म्हणून हिरवी भाजी करायची नव्हती. वरणाबरोबर खोबऱ्याची चटणी करू म्हटलं आणि खोबऱ्याचा कीस काढायला फ्रीझर उघडला. मागच्या कोपऱ्यात आइस्क्रीमचा एक डबा दिसला. आमच्या घरात आइस्क्रीम कुणी आणलं म्हणून झाकण काढलं, तर आत कापसात नीट लावलेल्या काचेच्या बारीक बारीक कुप्या. प्रत्येकीत पाण्यासारखं काहीतरी, तळाशी काळसर-तांबूस कण आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. चष्मा लावून पाहिलं. त्या कणांना पाय होते.

डबा हातातून पडला नाही एवढंच.

ज्या फ्रिजमध्ये बटाट्याला जागा नाही, तिथं माझ्या पोटच्या पोरीनं मेलेले किडे आणून ठेवले होते. लेक रात्री दोनला जंगलातून आली होती, प्रयोगशाळा रविवारची बंद, म्हणून एका दिवसापुरता ठेवला म्हणाली. आणि कुपीत पाणी आहे का, असं विचारलं तर म्हणाली, "नाही आई, अल्कोहोल." म्हणजे मद्य, मांस आणि मधु या तिन्हींतलं आपण काहीही घरात येऊ देत नाही, त्यातली दोन एका डब्यात. मधच काय तो राहिला होता.

आता हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. तीन दिवस आमचं बोलणं "जेवायला ये" आणि "नको" एवढ्यावर राहिलं. आमचे हे निवृत्त माणूस. दोघींच्या मधे पेपर धरून बसले आणि तिन्ही दिवस तोच पेपर वाचत राहिले.

मला राग किड्यांचा आला की लेकीचा, हे तेव्हा कळत नव्हतं. ती प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते हे मला ठाऊक होतं. "माझी मुलगी कीटकांवर संशोधन करते" असं मंदिरात चार बायकांत मी कौतुकानं सांगतही होते. पण संशोधन म्हणजे काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगितल्यावर मला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

आमचं सासर मूळचं उदगीरकडचं. निजामाच्या काळात मराठवाडा हैदराबादच्या राज्यात होता, तेव्हा मामंजींचे वडील इकडे व्यापाराला आले आणि इथलेच झाले. हिमायतनगर हे नावच निजामाच्या थोरल्या मुलाच्या, हिमायत अली खानच्या नावावरून पडलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा इथं अजून अंगणाची घरं होती. आमच्याही अंगणात विहीर होती. आज त्या जागेवर पाच मजली अपार्टमेंट आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली रस्त्यावर साड्यांची दुकानं, दागिन्यांची दुकानं आणि रात्री अकरापर्यंत हॉर्न.

त्या विहिरीचं पाणी सासूबाई स्वतः गाळायच्या. जाड, दुहेरी, पांढरं फडकं. पाणी गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी हळूच ओतायचं, आणि फडक्यातले जीव ज्या पाण्यात येतील ते पाणी, म्हणजे जिवाणी, परत विहिरीत सोडायचं. पण वरून ओतायचं नाही. त्यासाठी वेगळी लहान बादली होती, तिच्या बुडाला कडी होती. बादली दोरीनं पाण्यापर्यंत सोडायची आणि तिथं अलगद कलती करायची. "इतक्या उंचावरून टाकलं तर वाचतील का ते? जिथलं तिथं सोडायचं, आणि सोडायचं तेही सांभाळून," असं त्या म्हणायच्या.

पुढं विहीर बुजली, नळ आला. सासूबाईंनी नळाला फडकं बांधलं; पण जिवाणीचं काय करायचं हे त्यांना कळेना. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची असेल. नळाचं पाणी कुठून येतं, असं तिनं आजोबांना विचारलं. ते म्हणाले, गंडीपेठच्या तलावातून. तर ही आजीजवळ जाऊन म्हणाली, "आजी, मग यांना गंडीपेठला सोडून यायचं का?" सासूबाई हसल्या नाहीत. "जायला पाहिजे खरं," म्हणाल्या आणि जिवाणी तुळशीच्या कुंडीत ओतली. ते करताना त्यांचा चेहरा चोरासारखा झाला होता.

त्या आजीची नात अल्कोहोलात किडे बुडवते, हे मला सहन होत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी सकाळी उठले तर मानेच्या डाव्या बाजूला आग आग होत होती. आरशात पाहिलं. कातडी भाजल्यासारखी लाल, मधे बारीक फोड, आणि जणू कुणी ओल्या ब्रशनं पट्टा ओढलाय. जवळच्या एका डॉक्टरांनी नागीण म्हणून गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या घेऊन घरी आले, तेव्हा लेकीनं अबोला मोडून मान पाहिली आणि म्हणाली, "नागीण नाही आई ही. रात्री दिवा लावून खिडकी उघडी ठेवली होतीस ना?"

तिनं उशीचा अभ्रा उलटा केला. शिवणीत एक चिरडलेला किडा होता. तांदळाच्या दाण्याहून थोडा लांब. डोकं काळं, छाती नारिंगी, मधे निळसर काळा पट्टा, मग परत नारिंगी आणि शेपटाचं टोक काळं. मी मुंगी समजले असते.

"हा पेडेरस," ती म्हणाली. "चावत नाही, डंख मारत नाही. अंगावर बसला तर फुंकर घालायची, जातो. चिरडला तरच त्याच्या रक्तातलं विष कातडीला लागतं. तू झोपेत मान घासलीस."

म्हणजे मी मारला होता. झोपेत, नकळत, पण मीच.

हा त्याच कुळातला होता, ज्या कुळातले किडे आमच्या फ्रीझरमध्ये झोपले होते. इंग्रजीत या कुळाला रोव्ह बीटल म्हणतात, म्हणजे भटके भुंगेरे. शास्त्रीय नाव स्टॅफिलिनिडी. जगात आजवर नाव दिलेल्या त्यांच्या जाती ६० हजारांहून जास्त आहेत. प्राण्यांत एवढं मोठं कूळ दुसरं नाही, असं लेक म्हणते. उष्ण प्रदेशातल्या जंगलात तर नाव नसलेलेच किती असतील. पाचोळ्याखाली, शेणात, कुजक्या लाकडात, अळंब्यांवर, काही तर मुंग्यांच्या आणि वाळवीच्या घरात पाहुणे म्हणून राहतात. माशांच्या अळ्या खातात, बारीक किडे खातात. त्यांच्यामुळं जंगलाचा उकिरडा ताळ्यावर राहतो.

आपण नेहमी पाहतो त्या भुंगेऱ्याची पाठ वरच्या कडक पंखांनी पूर्ण झाकलेली असते. यांचे ते पंख आखूड, कंबरेवरच्या चोळीसारखे. खाली सगळं पोट उघडं, म्हणून लवचीक. भ्यायले की विंचवासारखं शेपूट वर करतात. आणि त्या एवढ्याशा चोळीखाली उडायचे लांब पंख घडी करून ठेवलेले असतात. जपानच्या शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्यानं त्याचं चित्रण करून २०१४ साली दाखवलं, की डाव्या पंखाची घडी वेगळी आणि उजव्याची वेगळी असते, आणि घडी घालायला हा किडा आपल्या पोटाचा हातासारखा उपयोग करतो. नऊवारीची घडी मुठीत मावेल अशी घालणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. हा किडा त्यांच्या वरचा.

पेडेरसच्या विषाची गोष्ट मात्र ऐकवत नव्हती. त्या विषाला पेडेरिन म्हणतात. ते रसायन नेमकं कसं आहे हे कळण्यासाठी शास्त्रज्ञांनी गेल्या शतकात रानातून अडीच कोटी किडे गोळा केले. अडीच कोटी! मी लेकीला आकडा पुन्हा सांगायला लावला. आणि पुढं २००२ साली कळलं ते असं, की हे विष किडा बनवतच नाही. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म जिवाणू बनवतात. निगोदाच्या, एका शरीरात अनंत जीव असल्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले. तरी हे ऐकून थोडा वेळ गप्प बसले.

मग मी पहिल्यांदा विचारलं, "तू नेमकं काय करतेस ग?"

तिनं सांगितलं. जागा मी लिहीत नाही, तेलंगणातल्या एका डोंगरातलं रान एवढंच समजा. वनखात्याची परवानगी काढून तिथला पाचोळा ती गोळा करते आणि चाळते. तिची चाळण मी पाहिली. आपल्या पिठाच्या चाळणीपेक्षा भोकं मोठी, बाकी फरक नाही. सोंडे आणि पोरकिडे निघू नयेत म्हणून मी रोज जे करते, तेच ती किडे निघावेत म्हणून करते. त्या चाळणीत तिला एक भुंगेरा सापडला, साडेतीन मिलिमीटरचा, जो कुठल्याच पुस्तकात बसेना.

भारतातल्या या किड्यांचं मोठं पुस्तक एका इंग्रजानं लिहिलंय. माल्कम कॅमेरॉन हे आरमारात डॉक्टर होते. त्यांनी लिहिलेले भारतीय स्टॅफिलिनिडीचे खंड १९३० ते १९३९ या काळात निघाले. आजही कुणाला इथला असा किडा सापडला की आधी त्या खंडांत शोधावं लागतं. पण त्यांनी ज्या किड्यांवरून वर्णनं लिहिली, ते मूळ किडे लंडनच्या संग्रहालयात आहेत. आपल्या रानातला जीव ओळखायचा तर पत्र लंडनला लिहायचं. फोटो मागवायचे, वाट पाहायची, एकेक खूण ताडून पाहायची. मिशांचे मणके अकरा, ते मोजायचे. कुठला लांब, कुठला रुंद. छातीवर सुईनं टोचल्यासारखे ठिपके असतात, ते मोजायचे. मी म्हटलं, "अग, हे तर भरतकाम झालं." ती म्हणाली, "उलटं भरतकाम. टाके मोजून नक्षी ओळखायची."

एवढं करूनही पुष्कळदा बाहेरून दोन जाती सारख्याच दिसतात. खरी ओळख नराच्या पोटात असते, त्याच्या जननेंद्रियाच्या आकारात. प्रत्येक जातीचा तो वेगळा, कुलपाला किल्ली असावी तसा. त्यासाठी पोट मऊ करून, सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं उघडून ते बाहेर काढायचं आणि त्याचं चित्र काढायचं. लेक हे मला वरणाला फोडणी देताना सांगत होती. मी आधी पदर सावरला आणि मग फोडणी.

"फोटोवर नाही का भागत?"

"फोटोत पाठ दिसते, आई. आणि नियम आहे. नवं नाव द्यायचं तर एक नमुना ठरवून द्यावा लागतो. त्या नावाचा मालक तो. पुढं शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्यानं येऊन तो पाहायचा." त्याला होलोटाइप म्हणतात. त्याच्या टाचणीला लाल चिठ्ठी लावतात. आपल्या कायद्याप्रमाणंही, म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं, नवी जात सापडली की सरकारनं नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथं द्यावा लागतो. प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. तिचं मुख्य कार्यालय कोलकात्याला आहे, एक केंद्र इथं हैदराबादेत अत्तापूरला आहे.

"आणि नाव नाही दिलं तर? काय बिघडतं त्याचं?"

यावर तिनं थोडा विचार केला. "रानातून रस्ता जातो, खाण निघते, तेव्हा तिथं काय काय राहतं याची यादी करतात. यादीत नाव असलेलेच येतात. बाकीचे कुणाच्या खिजगणतीत नसतात. जातात तेही कुणाला कळत नाही."

मग तिनं मला डार्विनच्या भुंगेऱ्याची गोष्ट सांगितली. चार्ल्स डार्विन १८३२ साली अर्जेंटिनात उतरले, तेव्हा त्यांनी एक रोव्ह भुंगेरा धरला होता. तो लंडनला गेला आणि संग्रहालयात कुठंतरी हरवला. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ स्टिलियानोस हॅट्झिमॅनोलिस यांच्याकडं लंडनहून अभ्यासाला आलेल्या नमुन्यांत तो त्यांना सापडला, आणि २०१४ साली, डार्विन यांच्या वाढदिवशी, १२ फेब्रुवारीला त्याचं वर्णन छापून आलं. नाव डार्विनिलस सेडारिसी. नाव मिळायला १८२ वर्षं लागली. त्या जातीचे दोनच किडे माहीत आहेत. दुसराही जुनाच, १९३५ च्या आधी धरलेला. त्यानंतर तो कुणाला दिसलेला नाही. ज्या भागात तो राहायचा तिथं आता बरीचशी शेती आहे.

"म्हणजे नाव मिळालं तेव्हा तो नसेलही," मी म्हटलं.

"नसेलही."

हे सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. कळलं एवढं खरं. कळणं आणि पटणं यांत माझं मन अडकून पडलं. हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकतो. आरंभी म्हणजे घरकामात होणारी, उद्योगी म्हणजे पोटापाण्याच्या कामात होणारी, विरोधी म्हणजे स्वतःला वाचवताना होणारी. या तीन गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत. चौथी संकल्पी, ठरवून केलेली. ती श्रावकानं सोडायचीच. लेकीची हिंसा कशात बसवायची? पीएच.डी.ला शिष्यवृत्ती मिळते, म्हणून तिला उद्योगी म्हणावं का? मनाची समजूत घालायला बरं होतं. पण मी आई असले तरी अगदीच भोळी नाही.

चातुर्मासासाठी तेव्हा शहरात एक आर्यिका माताजी होत्या. कोल्हापूरकडच्या, मराठीतच बोलायच्या. दुपारी गर्दी नसताना गेले, वंदामि केलं आणि सगळं सांगितलं. फ्रीझरसुद्धा.

माताजींनी आधी विचारलं, "किती इंद्रियांचा?"

तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भुंगा, माणूस अशी एकेक इंद्रिय वाढत जाणारी पायरी आहे. मी म्हटलं, "चार, माताजी. डोळे आहेत त्याला."

"मग त्रस जीव. आणि जाणूनबुजून मारला, तर संकल्पी. त्यात दुसरं काही नाही."

मी मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "किती मारले?"

"अकरा. पाच नर, सहा माद्या."

"मोजलेत?"

"तिनं मोजलेत. प्रत्येकाची जागा, तारीख, कुठल्या झाडाखालचा, सगळं लिहून ठेवलंय."

"तुम्ही आज सकाळपासून किती मारले, सांगता येईल?"

मला सांगता येईना. आणि त्याच वेळी आठवलं, की आमच्या अपार्टमेंटमध्ये झुरळांसाठी दर तीन महिन्यांनी फवारणीवाला येतो. त्याच्या वार्षिक कराराच्या कागदावर, हे गावाला गेले होते म्हणून, माझीच सही आहे. फवारणीनंतर सकाळी जिन्यात पालथी पडलेली झुरळं झाडून नेतात, तेव्हा मी दार लावून घेते. मोजत नाही. लेकीच्या लग्नासाठी म्हणून घेऊन ठेवलेल्या दोन पट्टूसाड्या कपाटात आहेत. त्यांच्यासाठी किती कोश उकळले, हेही मी दुकानदाराला विचारलं नव्हतं.

"यामुळं तिचं पाप कमी होत नाही," माताजी म्हणाल्या. मी मनात काय वजाबाकी करत होते ती त्यांना दिसली असावी. "प्रायश्चित्त घ्यायचं असेल तर तिची तिला येऊ दे. तुम्ही तिच्या वाटचं घेऊन येऊ नका."

मी घरी आले. लेक जेवणाच्या टेबलावर जाड पांढऱ्या कागदाचे बारीक त्रिकोण कापत बसली होती. या किड्यांना टाचणी टोचता येत नाही, फार लहान. म्हणून कागदाच्या त्रिकोणाच्या टोकावर गोंदाचा ठिपका देऊन त्यावर किडा चिकटवतात आणि टाचणी कागदातून घालतात. तिचे त्रिकोण वेडेवाकडे होत होते. शाळेतही हस्तकलेत ती कच्चीच होती.

कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, करवून घेणं आणि केल्याला मान डोलावणं, तिन्हींचा दोष सारखा, हे मला लहानपणापासून पाठ आहे. मी ते मनात एकदा म्हटलं. मग भरतकामाची कात्री आणली आणि चाळीस त्रिकोण कापून दिले. एकसारखे. हे मी इथं लिहिते आहे, कारण मंदिरात कुणाला सांगितलेलं नाही.

अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणी झाली. लेक माताजींकडं गेली की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

कार्तिकात एकदा तिच्याबरोबर रानात गेले. दिवस मावळायच्या आत जेवण व्हावं म्हणून दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. पावसाळा संपला होता, पण पाचोळा खालून अजून ओला होता. तिनं एका झाडाखाली पांढरं फडकं अंथरलं, पाचोळा चाळणीत घेतला आणि हलवायला लागली. फडक्यावर जग उतरलं. कोळी, मुंग्या, गोम, पांढऱ्या अळ्या, उड्या मारणारे ठिपके. ती त्यावर ओणवी होऊन तासभर पाहत होती. त्या दिवशी तिनं दोनच घेतले. ओल्या ब्रशच्या टोकानं उचलले आणि कुपीत सोडले. मी तोंड फिरवलं नाही. पाहायचं असं ठरवून आले होते.

मग तिनं फडक्याची चारी टोकं गोळा केली. चाळणीतला पाचोळाही त्यात घेतला आणि उठली. मला वाटलं झटकून टाकील. ती त्याच झाडाच्या बुंध्याशी गेली, गुडघ्यांवर बसली, फडकं जमिनीला टेकवलं आणि एक टोक हळूच उचलून सगळं अलगद कलतं केलं. वर थोडा ओला पाचोळा पसरला.

"हे असंच करायचं असतं का? तुमच्या शास्त्रात?"

"म्हणजे?"

"असं खाली बसून, हळू."

ती फडक्याची घडी घालत होती. "वरून टाकलं तर चेंगरतात ना, आई. जिथलं तिथं सोडायचं."

आजीचं नाव तिनं घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

तिचा लेख आता तपासनिसांकडं गेला आहे. ते शंका काढतात, ही उत्तरं देते, असं बरेच महिने चालतं. ही जात खरंच नवी आहे असं त्यांनी मान्य केलं, तर तो छापून येईल. नाव ठरलंय. लॅटिन धाटणीचं आहे, पण मूळ शब्द आपला आहे, आणि तो मला विचारून ठेवलाय. लेख छापून येईपर्यंत असं नाव दुसरीकडं कुठं छापायचं नसतं, म्हणून इथं लिहीत नाही.

संध्याकाळच्या सामायिकात मी रोज सर्व जीवांची क्षमा मागते. तीस-पस्तीस वर्षं मागते आहे. 'सर्व जीव' म्हणताना पूर्वी डोळ्यांपुढं कुणी येत नसे. आता अकरा येतात. मग ते अभ्र्यातला, आणि मग जिन्यातले, न मोजलेले.